आज्ञार्थ

गुदैबियातल्या माझ्या टायपिंगच्या दुकानात
पानाला पाचशे फिल्स, फोटोकॉपी वेगळी.
व्हिसा, भाडेकरार, हरवलेलं ओळखपत्र,
बायकोला बोलावण्याचे अर्ज.
सतरा वर्षांत मी इतकं "आदरपूर्वक" टंकलंय
की श्रीवर्धनला आईला फोन केला
तरी तिला वाटतं, पोरगा विनंती करतोय.

तिरहास आली भर दुपारी,
दोन पायांत दोन निराळ्या चपला.
म्हणाली, "जीबी."
आण, म्हणजे.
मी पाणी आणून दिलं.
ती मान हलवत राहिली.
पाणी नको होतं तिला.
तिने सांगायला सुरुवात केली होती.

आण. धू. वर जा. दार लाव.
बसू नको. फोन दे.
ते खाऊ नको, ते मुलांचं आहे.
ऊठ. ऊठ. आजारी पडू नको.

मला कळायला वेळ लागला.
अरबी तिला एकाच घरात मिळाली, एकाच तोंडून,
आणि त्या तोंडाने तिच्याशी बोलताना
क्रियापदाचं एकच रूप वापरलं, चार वर्षं.
"मी" हा शब्द तिला ठाऊक होता,
पण मॅडमचा शब्द म्हणून.
मॅडमच्या अत्तरासारखा. हात लावायचा नाही.

अर्जाला मात्र तोच लागतो.
"खाली अंगठा करणारी, मी"
इथून त्याचा श्वास सुरू होतो.
शाळेत बाई शिकवायच्या,
बोलणारा तो प्रथम पुरुष.
समोरच्या बाईला मला
प्रथम पुरुष करायचं होतं, तेही जेवणाच्या सुट्टीआधी.

एकेक आज्ञा उसवून मी उलटी करत गेलो.
"धू"चं झालं: मी धुतलं, रात्री दोनपर्यंत.
"फोन दे"चं: माझा फोन काढून घेतला.
"जाऊ नको"पाशी बोटं थांबली.
"मी गेले नाही" लिहावं,
तर जणू तिचीच मर्जी होती.

वरच्या मजल्यावरून वकीलबाई उतरल्या,
बद्रिया, हातात पातळ पुस्तिका:
अरब देशांनी मिळून मान्य केलेली सनद.
दहाव्या कलमाखाली पेन्सिलची रेघ.
गुलाम करू नका. माणसं विकू नका.
राबवू नका जबरीने.
मी वाचलं. म्हणजे हीसुद्धा "नको"चीच भाषा,
फक्त तोंड फिरवून उभी,
त्यांच्याकडे.

"हिच्याकडे थेट दाद मागता येते?"
"खिडकी नाही तिला," बद्रिया म्हणाल्या.
"सह्या आहेत, शिक्के आहेत, शब्द चांगले आहेत.
खिडकी तेवढी ठेवली नाही.
अर्ज इथल्याच कोर्टात करायचा,
तळाशी हे कलम घालायचं.
उंबरठ्यासारखं.
ओलांडायचं झालं
तर निदान पाय उचलावा लागेल."

मी टंकलं.
"जाऊ नको"चं शेवटी केलं:
मला जाऊ दिलं नाही.
मग वाचून दाखवलं, ओळीवर बोट ठेवून.
"अना," मी म्हटलं, मी.
तिचं बोट तिथेच अडकलं.
"अने," ती पुटपुटली.
त्यांच्या डोंगराकडे असंच म्हणतात म्हणे,
एवढ्याशाच फरकाने.
मग ते बोट पानभर हिंडलं.
जिथे जिथे तो शब्द होता, तिथे थांबलं.
मोजत असावी.
मी मोजले नव्हते.

अंगठा. पावती. तारीख: पुढचा रविवार, सकाळी आठ.
पैसे मी घेतले.
सांगितलं पाहिजे, घेतले;
मुठीत घामेजलेली अर्ध्या दिनारची नोट
तिने परत घेतलीच नसती.

दारात वळून म्हणाली,
"तआली."

ये.
बाईला बोलवायचं रूप ते.
तिच्या कानावर तेवढंच आलेलं.
सतरा वर्षं लोकांच्या अर्जातले
लिंगवचनाचे दोष मी दुरुस्त करतोय.
हा ठेवला.

रविवारी शटर खाली होतं.
वर चिठ्ठी, माझ्याच हस्ताक्षरात:
बोलावणं आलंय.